सहा चाकांची नाडी

माठ घेताना आपल्या घरातल्या बायका तो बोटाच्या पेरांनी वाजवून पाहतात, कलिंगडवाला कलिंगडावर टिचकी मारतो, आणि ट्रकचा ड्रायव्हर टायर वाजवतो. धाब्यासमोर ट्रक उभा राहिला की आधी क्लीनर उडी मारून खाली उतरतो आणि हातातली टॉमी एकेका चाकावर आपटत ट्रकला प्रदक्षिणा घालतो. भरलेला टायर 'ठण्' असा टणत्कार करतो, बसलेला नुसता 'थप्प' म्हणतो. वैद्याने नाडी पाहावी तशी ही विद्या आहे, आणि अनेक संसार तिच्यावर चालले आहेत. पण नाडीपरीक्षेतली जी खोट, तीच हिच्यातही आहे. रोगी समोर स्वस्थ बसला असेल तेव्हाच ती करता येते. ट्रक ताशी साठाच्या वेगाने धावत असताना टायर कोण वाजवणार?

आमचे थोरले चुलतबंधू आण्णा इंदापुरास असतात. त्यांच्याकडे सहाचाकी 'टाटा १६१३' ट्रक आहे; वयाने चांगला प्रौढ. गाळपाच्या हंगामात बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या कारखान्यांची साखर वाहायची, एरवी खत, सिमेंट, मिळेल तो माल. चालवतो त्यांचा मुलगा. गेल्या उन्हाळ्यात रात्री भिगवणहून इंदापुराकडे येताना मागच्या जोडीतला आतला टायर बसला. त्याला पत्ताच नव्हता. तसाच बराच पुढे आला, आणि मग शेजारचा बाहेरचा टायर तोफेसारखा फुटला. गाडी रस्त्यातच राहिली, माणूस वाचला. सकाळी घरी आल्यावर आण्णा दोन टायरांची किंमत मोजत बसले होते. वहिनींनी एकच विचारले, "पुढचं चाक असतं तर?"

त्यावर कोणी काही बोलले नाही. पण त्याच आठवड्यात टायरातली हवा दाखवणारे यंत्र बसवायचे ठरले आणि मला बारामतीहून बोलावणे आले. मी मराठीचा प्राध्यापक, माझा यंत्रांशी संबंध तो काय! पण यंत्रासोबतची पुस्तिका इंग्रजीत होती, आणि 'शिकलेला' म्हणून घरात माझेच नाव निघते. ते इंग्रजीही असे, की साहेबाने वाचले असते तर तोही शिकवणीला बसला असता.

यंत्र तसे साधे आहे. टायरच्या व्हॉल्ववर जे टोपण असते त्याच्या जागी एक छोटी डबी फिरवून बसवायची. डबीत हवेचा दाब मोजणारे इंद्रिय, घड्याळात असते तसली बटणासारखी बॅटरी आणि रेडिओ-लहरी सोडणारा बारीकसा यंत्रांश. अशा सहा डब्या. समोर काचेजवळ पाटीएवढा पडदा. त्यावर सहा चाकांचे सहा आकडे. आकडा ठरवल्यापेक्षा खाली गेला, किंवा भर्रकन उतरू लागला, की पडदा शिट्टी वाजवतो. साऱ्याची किंमत एका नव्या टायरच्या निम्म्याहूनही कमी पडली.

बसवताना मात्र जुन्या गाडीने आपले वय दाखवले. आतल्या चाकाच्या व्हॉल्वपर्यंत हातच पोचत नाही. मुळात आतले चाक दुर्लक्षित राहते ते त्यामुळेच; हवा भरायला त्रास, म्हणून 'बघू पुढच्या पंपावर'. तिथे नळीचा लांब तुकडा जोडून तोंड बाहेर काढावे लागले. मग दुसरी अडचण: पडद्यावर पुढची दोन चाके दिसत, मागची चार गायब. मध्ये केबिनचा पत्रा आणि लोखंडी हौदा. एवढ्याशा बॅटरीची लहर त्यातून किती जाणार? शेवटी हौद्याखाली लहरी पुढे ढकलणारा एक जोडडबा बसवला, तेव्हा चारही आकडे उजळले. डब्या चोरीला जाऊ नयेत म्हणून त्यांना खाली कुलपी नट असतात. पंक्चरवाला त्यावर कुरकुरला. हवा भरायची तर आता आधी पाना शोधा!

आता थोडा हिशेब, कारण आण्णांचा विश्वास आकड्यांवरच बसतो. अशा ट्रकच्या मागच्या आसावर २०१८ पूर्वीच्या कायद्याने १०,२०० किलो भार धरलेला; तो चार टायरांनी वाटून घ्यायचा, म्हणजे प्रत्येकी २,५५० किलो. जोडीतल्या एकाने अंग काढले की दुसऱ्याच्या डोक्यावर ५,१०० किलो. एकत्र कुटुंबात एक भाऊ घरी बसला म्हणजे दुसऱ्याचे जे होते तेच! शिवाय हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला कुशीत वाकतो, वाकून वाकून तापतो, आणि तापलेले रबर आतल्या धाग्यांना सोडू लागते. टायर फुटतो तो बहुधा जास्त हवेने नव्हे, कमी हवेने.

हे आण्णांना पटवणे सर्वांत अवघड गेले. पहिल्याच दिवशी सकाळी पडद्यावर १०० पौंड होते, दुपारी पाटसच्या पुढे ११२ झाले. फोन आला, "मास्तर, हवा सोडू का?" जुन्या ड्रायव्हरांची ही सवयच आहे. मी पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्याला विचारून ठेवले होते. आतली हवा तीस अंशांनी तापली तर शंभराचे एकशे अकरा-बारा होणे हा निसर्गाचा नियम आहे. तेव्हा सोडलेली हवा रात्री गार झाल्यावर कमी पडते, आणि मग खरा धोका. हवा मोजायची ती पहाटे, चाक थंड असताना. यंत्रातला मूळ आकडाही तेव्हाच बांधायचा.

ही कल्पना काही कालची नव्हे. हवेच्या टायरचे पेटंट रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्ये घेतले होते. ते विस्मरणात गेले आणि १८८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने मुलाच्या तिचाकी सायकलीसाठी तोच शोध पुन्हा लावला. चाकातली हवा गाडीतल्या माणसाला कळावी ही सोय १९८६ च्या 'पोर्श ९५९' या श्रीमंती मोटारीत आली. गरिबांपर्यंत ती यायला मोठा अपघात व्हावा लागला. अमेरिकेत सदोष टायरांमुळे अडीचशेहून अधिक माणसे दगावली, २००० साली 'फायरस्टोन'ने ६५ लाख टायर परत मागवले, कायदा झाला, आणि २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या लहान गाडीत हे यंत्र सक्तीचे ठरले. आपल्याकडे २०२० मध्ये नियम बदलला तो असा, की बिनट्यूबच्या टायरांच्या लहान गाडीत हे यंत्र आणि दुरुस्तीचा संच असेल तर स्टेपनी नसली तरी चालेल. आण्णांच्या ट्रकसारख्या म्हाताऱ्या गाडीला सक्ती कसलीच नाही. तिथे सक्ती वहिनींची.

यंत्राला सगळे कळते असे मात्र नाही. ते टायरची उष्णताही दाखवते, पण डबी व्हॉल्वच्या टोकाशी, वाऱ्यात. आतला टायर भाजत असतानाही ती बरेच कमी सांगते. टायरच्या कुशीतला काप, झिजलेली नक्षी यांतले तर तिला काहीच दिसत नाही. त्यामुळे टॉमी अजून केबिनमध्ये आहे आणि प्रदक्षिणाही चालू आहे.

श्रावणात एकदा रात्री अकराच्या सुमारास शिट्टी वाजली. डावीकडचा आतला: ९६, मग ९१, मग ८७. पुतण्याने गाडी सावकाश पंपावर नेली. खिळा होता, बोटभर. पंक्चरचे पैसे देऊन तो तासाभराने पुढे निघाला. ही हकीगत आम्हांला दुसऱ्या दिवशी, तीही सहज बोलता बोलता कळली.

आता बॅटऱ्या बदलायची तारीख वहिनींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहून ठेवली आहे. कारखान्यांची धुराडी पेटायच्या आत त्या बदलायच्या आहेत, आणि बारामतीहून येताना सहा आणायला मला सांगितले आहे.