हार्ड डिस्कची तब्येत आणि ती सांगणारी सॉफ्टवेअर

हार्ड डिस्कची तब्येत दाखवणारी बहुतेक सॉफ्टवेअर स्वतः डिस्क तपासत नाहीत. तपासणी डिस्कवरचा कंट्रोलर करतो आणि नोंदीही तोच ठेवतो. सॉफ्टवेअर त्या मागून घेते आणि पडद्यावर मांडते. 'स्मार्ट' नावाच्या या व्यवस्थेची पूर्वतयारी १९९२ मध्ये आयबीएमच्या डिस्कवर झाली, १९९५ मध्ये कॉम्पॅकने आपली पद्धत पुढे आणली आणि मग ती एटीए मानकात आली. मूळ माहिती सगळ्या सॉफ्टवेअरना एकच मिळते. फरक पडतो तो ती किती उघडी करून दाखवली जाते यात आणि काही बिघडले तर न विचारता कळवले जाते का यात.

एकच ओळ पाहिली तरी हे लक्षात येते. पाचव्या क्रमांकाची नोंद बदललेल्या सेक्टरांची असते. तिच्यापुढे चार आकडे येतात. चालू गुण १००, आजवरचे सर्वांत कमी गुण १००, कंपनीने घातलेली मर्यादा १० आणि टोकाला कच्चा आकडा, समजा २४. पहिल्या तिघांवरून डिस्क ठणठणीत दिसते. चौथा सांगतो की २४ सेक्टर निकामी झाले आणि त्यांच्या जागी डिस्कने राखीव सेक्टर लावले. गुण मर्यादेपर्यंत घसरल्याशिवाय डिस्क स्वतःला नापास ठरवत नाही, आणि तोवर बराच उशीर झालेला असू शकतो. विंडोजच्या जुन्या डब्ल्यूएमआयसी आज्ञेने डिस्कची स्थिती विचारली, तर अशा डिस्कबद्दलही नुसते 'ओके' येते. केवळ हिरवा शिक्का दाखवणारे सॉफ्टवेअर म्हणूनच फारसे कामाचे नाही, मग ते दिसायला कितीही देखणे असो.

१९७ क्रमांकाची नोंद याहून बोलकी. वाचता न आलेला सेक्टर तिथे ताटकळत राहतो. त्यावर नव्याने काही लिहिले गेले आणि ते नीट बसले तर आकडा उतरतो. नाही बसले तर सेक्टर बदलला जातो आणि पाचव्या नोंदीतला आकडा चढतो. त्यामुळे एखाद्या दिवशीच्या आकड्यापेक्षा तो आठवडाभरात हलला का, याला महत्त्व जास्त. बॅकब्लेझ ही अमेरिकी कंपनी आपल्या डिस्कवर नजर ठेवताना ५, १८७, १८८, १९७ आणि १९८ या पाच नोंदी पाहत आली आहे. १९९ चा आकडा वाढत असेल तर मात्र डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून पाहावी. केबल बदलल्यावर तो आकडा शून्यावर येत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

कच्चा आकडा समोर आला तरी तो वाचता यायला हवा. सीगेटच्या अनेक डिस्कवर पहिल्याच नोंदीत, म्हणजे वाचनातल्या चुकांच्या, कोटींतला आकडा दिसतो आणि नवखा माणूस धास्तावतो. त्या ४८ बिटांच्या आकड्यात वरचे १६ बिट चुकांचे आणि खालचे ३२ बिट एकूण वाचनांचे असतात. वरचा भाग शून्य असला की काळजीचे कारण नसते. क्रिस्टलडिस्कइन्फो तर कच्चे आकडे मुळात षोडशमान पद्धतीने दाखवते, म्हणजे तिथे १८ दिसले तर ते २४ समजायचे. मेनूतून दशमान करून घेतलेले बरे.

घरच्या विंडोज संगणकाला हे क्रिस्टलडिस्कइन्फो पुरते. ते फुकट आहे, आणि डिस्क स्वतःला उत्तीर्ण म्हणवत असली तरी ५, १९७ किंवा १९८ पुढे शून्याखेरीज काही दिसले की निळ्याचे पिवळे होते. लिनक्सवर पाया स्मार्टमॉनटूल्सचा. त्यातले स्मार्टसीटीएल विचारल्यावर सगळ्या नोंदी समोर टाकते. स्मार्टडी मागे चालू राहून दर अर्ध्या तासाने डिस्कला विचारते आणि पत्ता दिलेला असेल तर गडबड दिसताच मेल पाठवते. ज्या संगणकासमोर रोज कोणी बसत नाही तिथे हाच गुण सर्वांत मोलाचा. आज्ञा टाइप करण्याचा कंटाळा असेल तर जीस्मार्टकंट्रोल आहे. नॅसमधल्या चार-सहा डिस्कचे आकडे काळानुसार पाहायचे तर स्क्रूटिनी. हार्ड डिस्क सेंटिनेलची पूर्ण आवृत्ती विकत घ्यावी लागते. ते तब्येत टक्क्यांत सांगते, आणि ते सोयीचे वाटते. पण तो टक्का सॉफ्टवेअर करणाऱ्यांचे गणित आहे, डिस्कने दिलेला आकडा नव्हे.

यूएसबीने जोडलेल्या डिस्कपाशी बरीच सॉफ्टवेअर अडतात, कारण मधली चिप स्मार्टची विचारणा पुढे पाठवतेच असे नाही. स्मार्टसीटीएलला जोडणीचा प्रकार 'सॅट' असा सांगितला की अनेक डिस्क उत्तर देऊ लागतात, काही तरीही गप्पच राहतात. विकत घेण्याआधी फुकट आवृत्तीत आपली डिस्क दिसते का ते पाहावे. एनव्हीएमई एसएसडीवर वरचे क्रमांक नसतातच. तिथे वापरलेल्या आयुष्याचा टक्का, उरलेली राखीव जागा आणि डेटातल्या त्रुटी पाहायच्या. आयुष्याचा टक्का शंभराच्या पुढेही जातो, आणि तसा गेला म्हणून एसएसडी त्याच दिवशी बंद पडत नाही.

सगळे आकडे शून्य असणे ही हमी नव्हे. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांवर चार मुख्य खुणांपैकी एकही उमटली नव्हती. उलट, पहिली स्कॅन चूक दिसलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, तशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. खुणा दिसोत न दिसोत, बॅकअप वेगळा हवाच. नोंदी वाचण्याबरोबर चाचणी चालवता येते का, हेही पाहावे. छोटी चाचणी साधारण दोन मिनिटांत उरकते. मोठी सगळी डिस्क वाचून काढते आणि काही टेराबाइटच्या डिस्कला त्यासाठी कित्येक तास लागतात. एरवी महिनोन्महिने न उघडलेल्या फायलींखालचे खराब सेक्टर तिच्यातच सापडतात. स्मार्टडीला ती ठरावीक वारी, ठरावीक वेळी चालवायला सांगता येते.

डिस्क विकत घेताना नववी नोंद, म्हणजे चाललेले तास, पाहण्याची रीत आहे, पण ते तास पुसता येतात. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत नव्या म्हणून विकलेल्या सीगेटच्या काही डिस्क हजारो तास चाललेल्या निघाल्या. स्मार्टमधले तास शून्याजवळ आणलेले होते, पण सीगेटच्या 'फार्म' या वेगळ्या नोंदवहीत खरा आकडा राहिला होता. स्मार्टमॉनटूल्सच्या ७.४ आवृत्तीपासून ही नोंदवही वाचता येते. दोन्हीकडच्या तासांत मोठी तफावत आढळली तर ती डिस्क घेऊ नये.