संधिवाताच्या रुग्णाला खांद्याची सोनोग्राफी कशासाठी सांगतात?

सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला आधी आठवतं गरोदरपण, मग किडनी स्टोन. त्यामुळे खांदेदुखी घेऊन गेलेल्या आईच्या कागदावर डॉक्टरांनी 'दोन्ही खांद्यांची सोनोग्राफी, डॉपलरसह' असं लिहिलं, की घरात पहिला प्रश्न येतो, "हाडाची कुठे सोनोग्राफी असते का?"

शंका रास्त आहे. ध्वनिलहरी हाडातून आरपार जात नाहीत, हाडाच्या पृष्ठभागावरून परत येतात. पण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हा मुळात हाडाचा आजार नाहीच. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या मऊ अस्तरावर हल्ला करते. ते अस्तर सुजतं, जाड होतं, त्यात पाणी साठतं आणि पुढे ते शेजारचं हाड कुरतडायला लागतं. एक्स-रेमध्ये दिसतो तो हा शेवटचा टप्पा. त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' याचा अर्थ 'खांद्यात काही नाही' असा होत नाही.

खांद्याची सूज दिसत का नाही?

बोटं सुजली की अंगठी निघत नाही. मनगट, गुडघा सुजला तर हाताला कळतं. खांद्याचं तसं नाही. त्याच्यावर डेल्टॉइड नावाच्या जाड स्नायूचं पांघरूण असतं. या आजाराची तीव्रता मोजताना डॉक्टर ज्या २८ सांध्यांची तपासणी करतात, त्यात दोन्ही खांदे येतात. पण आतली सूज नुसत्या बोटांनी चाचपून ओळखणं अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जातं.

त्यात संधिवात असलेल्या माणसाचा खांदा संधिवातामुळेच दुखतोय, असंही नसतं. टेंडन फाटलेलं असू शकतं. मधुमेह असेल तर फ्रोझन शोल्डर असू शकतो. कधी मान दुखत असते आणि कळ खांद्यात येते. रुग्णाची तक्रार मात्र प्रत्येक वेळी एकच: हात वर जात नाही, वेणी घालता येत नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही.

मशीनला काय दिसतं?

पोटाच्या सोनोग्राफीत साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. खांद्यासाठी त्याहून जास्त, ढोबळमानाने ७ ते १५ मेगाहर्ट्झच्या. या लहरी फार खोल जात नाहीत, पण जिथवर जातात तिथलं बारीकसारीक दाखवतात.

पहिली महत्त्वाची जागा म्हणजे बर्सा. खांद्याच्या वरच्या हाडाखाली, टेंडनवर पसरलेली ही पातळ पिशवी. निरोगी खांद्यात ती एखाद्या रेघेसारखी दिसते. संधिवातात ती पाण्याने आणि जाड झालेल्या अस्तराने फुगते.

दुसरी जागा बायसेप्सच्या लांब टेंडनभोवतालचं आवरण. हे आवरण थेट मुख्य सांध्याशी जोडलेलं असतं, त्यामुळे सांध्यात पाणी झालं की ते इथे उतरतं. सांधा खोलवर, पण त्याची खबर वरच मिळते! खुद्द सांध्यातलं पाणी बघायला प्रोब खांद्याच्या मागच्या बाजूला लावतात.

याशिवाय रोटेटर कफची टेंडन्स अखंड आहेत की फाटली आहेत, आणि दंडाच्या हाडाच्या गोल डोक्यावर कुरतडल्यासारखे खड्डे पडलेत का, तेही पाहिलं जातं.

डॉपलर यापुढची गोष्ट सांगतं. सुजलेल्या अस्तरात नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार होतात आणि पडद्यावर त्या लाल-केशरी ठिपक्यांसारख्या उजळतात. ठिपके दिसले तर आजार आत्ता, या घडीला चालू आहे. पण खोल सांध्यात हा संकेत क्षीण होतो. म्हणून खांद्यात ठिपके दिसले नाहीत तरी दाह नाहीच, असं म्हणता येत नाही.

यावरून उपचार कसे बदलतात?

तपासणीचा खर्च वसूल होतो तो इथे. बर्सा आणि सांधा सुजलेला असेल तर आजार आटोक्यात नाही असा अर्थ निघतो. मग मेथोट्रेक्सेटचा डोस वाढवायचा, महागड्या बायोलॉजिक औषधाकडे जायचं, की एकाच जागी स्टेरॉइडचं इंजेक्शन पुरेल, यावर विचार होतो. सुई नेमकी कुठे जातेय हे पडद्यावर बघत इंजेक्शन देता येतं. जंतुसंसर्गाची शंका असेल तर तसंच पाणी काढून तपासणीला पाठवता येतं.

दाह नसून टेंडन फाटलेलं निघालं, तर मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवून फायदा शून्य. धोके तेवढे वाढतात. अशा रुग्णाला फिजिओथेरपी किंवा ऑर्थोपेडिक सर्जनची गरज असते.

म्हणून प्रत्येक भेटीत सोनोग्राफी करावी का? नाही. नॉर्वेतल्या 'आर्क्टिक' चाचणीत नव्याने आजार झालेल्या रुग्णांचे उपचार नियमित सोनोग्राफी बघून ठरवले गेले. डॉक्टरांच्या नेहमीच्या तपासणीवरून ठरवलेल्या उपचारांपेक्षा त्याचा जास्त फायदा झाला नाही, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं. सोनोग्राफी कामाची आहे ती जिथे प्रश्न अडलाय तिथे, आणि खांद्यात तो बऱ्याचदा अडतो. साठीनंतर काहीही न दुखणाऱ्या माणसांच्याही रोटेटर कफमध्ये फाटल्याच्या खुणा सापडतात. त्यामुळे रिपोर्टमधला 'टेअर' हा शब्द गूगल करून थेट ऑपरेशनपर्यंत पोहोचू नका.

ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट स्वतःच का करत नाहीत?

युरोपात बरेच ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट तपासणीच्या टेबलाशेजारीच मशीन ठेवतात. आपल्याकडे ते इतकं सोपं नाही. कारण प्रत्येक सेंटरमध्ये दिसणाऱ्या त्या पाटीमागे आहे: 'इथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही.' गर्भलिंग चाचणीविरोधात महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा आला. गर्भ दाखवू शकणारं मशीन खांद्यासाठी वापरायचं असलं तरी त्या जागेची नोंदणी लागते. ते कोणी चालवायचं, हेही नियमांत ठरलेलं आहे. कायद्यामागचं कारण गंभीर आहे आणि तो सैल करा असं म्हणणं धोक्याचं ठरेल. पण सांधेदुखीच्या रुग्णाला त्यामुळे एक चक्कर जास्त पडते, हेही खरंच.

ती चक्कर वाया जाऊ नये म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच विचारा, की सांध्यांची सोनोग्राफी नेहमी करणारे डॉक्टर आहेत का. उपाशी राहायचं नाही, पाणी पिऊन थांबायचं नाही. खांदा सहज उघडा करता येईल असे कपडे घाला. डॉक्टर हात मागे नेऊन पँटच्या मागच्या खिशावर ठेवायला सांगतील, कारण त्याशिवाय वरच्या हाडाखाली लपलेलं टेंडन बाहेर येत नाही. तेवढा हात जात नसेल तर तसं सांगा, दात-ओठ खाऊन ओढू नका. आणि अलीकडे स्टेरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन घेतलं असेल तर ते आधीच कानावर घाला. त्याने सूज तात्पुरती उतरलेली असू शकते आणि रिपोर्ट आहे त्यापेक्षा चांगला येऊ शकतो.