एकच माहिती, तीन भाषा



समजा, निफाडकडच्या एका शेतकऱ्याच्या कांद्यावर करपा पडला आहे. तो मोबाईलवर मराठीत विचारतो, ‘कांद्यावरचा करपा, उपाय काय?’ एका संकेतस्थळावर ही माहिती मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत आहे. तरी त्याच्यापुढे येते ते इंग्रजी पान! मराठीत लिहिणाऱ्याचे कष्ट वाया गेले आणि शेतकऱ्याचे पीक राहिले धोक्यात. असे का होते, ते आज पाहू.

गूगलसारखे शोधयंत्र जगभरची पाने वाचून आपल्या पटावर त्यांची नोंद करते. शाळेच्या पटावर एकाच मुलाचे नाव दोनदा आले, तर गुरुजी काय करतात? एक नोंद ठेवतात, दुसरी खोडतात. शोधयंत्रही तेच करते. एकच मजकूर दोन पत्त्यांवर दिसला, की बहुधा त्यांतला एकच निवडून दाखवते. ही काही शिक्षा नव्हे, बरं का. पण निवड आपल्या मनासारखी होईलच असे नाही.

मग भाषांतर म्हणजे अशी दुहेरी नोंद का? मुळीच नाही. भाषांतर हे त्या पानाचे भावंड. खरी नक्कल निराळीच असते. मथळा आणि बाजूची यादी तेवढी मराठी करायची आणि आतला मजकूर इंग्रजीच ठेवायचा! अंगरखा बदलला, मूल तेच. अशी पाने यंत्र एकच धरू शकते. म्हणून पहिली गोष्ट ही, की मजकूर पुरता मराठीत हवा आणि त्या पानाला स्वतःचा पत्ता हवा.

दुसरी गोष्ट, भावंडांची ओळख करून द्यावी. त्यासाठी गूगलने २०११ साली ‘एचरेफलँग’ नावाची खूण आणली. ती वाचकाला दिसत नाही, यंत्राला दिसते. मराठीसाठी ‘एम आर’, हिंदीसाठी ‘एच आय’, इंग्रजीसाठी ‘ई एन’ ही अक्षरे आणि सोबत त्या त्या पानाचा पत्ता, एवढेच लिहायचे. मात्र ओळख दोन्हीकडून हवी. मराठी पान म्हणाले, ‘हिंदी माझे भावंड’, आणि हिंदी पान गप्प बसले, तर यंत्र त्यावर विश्वास ठेवीत नाही. प्रत्येक पानाने त्या यादीत आपले स्वतःचेही नाव घालावे.

तिसरी गोष्ट फार जपण्याची. एकाच भाषेतला तोच मजकूर दोन पत्त्यांवर असेल, तर ‘मूळ पत्ता हा’ असे सांगणारी ‘कॅनॉनिकल’ नावाची खूण २००९ सालापासून आहे. येथेच पुष्कळांची फसगत होते. ते मराठी पानावर इंग्रजी पानाचा पत्ता मूळ म्हणून लिहून ठेवतात. म्हणजे मराठी पानाने आपल्याच हाताने पटावरून नाव कमी करून घेण्यासारखे झाले! मराठी पानाचा मूळ पत्ता मराठीच असावा.

शिक्षकबंधू-भगिनींनो, आपल्या शाळेचे वा ग्रामपंचायतीचे संकेतस्थळ दोन भाषांत असेल, तर ते तयार करणाऱ्याला तीन प्रश्न अवश्य विचारा. मजकूर पुरता मराठीत आहे ना? भावंडांनी एकमेकांची ओळख दिली आहे ना? आणि मूळ पत्ता ज्याचा त्याचा आहे ना? एवढे सांभाळले म्हणजे पान पहिलेच येईल असे नाही. पण मराठीत विचारणाऱ्याला मराठीत उत्तर मिळण्याची वाट तरी मोकळी होईल.