अपूर्ण गाण्यांचा दस्तऐवज : बीटल्सवरील माहितीपट आणि लखनौचा धडा

गाणे तयार होत असताना त्या खोलीत नेमके काय घडते, हे श्रोत्यांना क्वचितच पाहावयास मिळते. त्यांच्यापर्यंत पोहोचते ते पूर्ण झालेले गाणे. त्यापूर्वीच्या चुका, वाद, टाकून दिलेल्या चाली आणि कंटाळवाणे तास मागेच राहतात. प्रख्यात दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांचा ‘द बीटल्स : गेट बॅक’ हा तीन भागांचा माहितीपट या नियमाला अपवाद आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये डिस्ने प्लस या सेवेवर प्रसारित झालेल्या या माहितीपटाची एकूण लांबी पावणेआठ तासांहून अधिक आहे आणि त्यात मुख्यतः चार तरुण वादक गाणी बसवताना दिसतात.

संगीत जपायचे म्हणजे नेमके काय जपायचे, हा प्रश्न या माहितीपटाने नव्याने पुढे आणला आहे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी लखनौ येथे पं. विष्णु नारायण भातखंडे या मराठी संगीतशास्त्रज्ञाने हाच प्रश्न वेगळ्या साधनांनी हाती घेतला होता. त्या कार्याच्या संदर्भात हा माहितीपट पाहिल्यास त्याचे महत्त्व अधिक स्पष्ट होते.

जानेवारी १९६९ मध्ये काय घडले?

जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे चौघे २ जानेवारी १९६९ रोजी लंडनजवळील ट्विकनहॅम चित्रपट स्टुडिओत एकत्र आले. त्या वेळी त्यांच्यापैकी एकानेही वयाची तिशी गाठलेली नव्हती. थोड्या दिवसांत नवी गाणी रचावयाची, ती प्रेक्षकांसमोर थेट सादर करावयाची आणि त्याचा दूरचित्रवाणी कार्यक्रम करावयाचा, अशी मूळ योजना होती. रिंगो स्टार यांना लवकरच एका चित्रपटाच्या कामासाठी जावयाचे असल्याने मुदत वाढविणे शक्य नव्हते.

योजना लवकरच अडचणीत आली. स्टुडिओ प्रशस्त पण थंड होता आणि काम सकाळी सुरू होत असे. १० जानेवारी रोजी हॅरिसन चमू सोडून निघून गेले. अनेक बैठकांनंतर ते परतले आणि काम लंडनमधील सॅव्हिल रो येथील बीटल्सच्या स्वतःच्या इमारतीत हलविण्यात आले. २२ जानेवारी रोजी की-बोर्डवादक बिली प्रेस्टन त्यांना येऊन मिळाले. ३० जानेवारी रोजी त्याच इमारतीच्या गच्चीवर सुमारे ४२ मिनिटांचे वादन झाले. आवाजाच्या तक्रारीमुळे पोलीस गच्चीवर आले. बीटल्सचे हे अखेरचे जाहीर वादन ठरले.

एक चित्रीकरण, दोन चित्रपट

हे सर्व दिग्दर्शक मायकेल लिंडसे-हॉग यांच्या पथकाने चित्रित केले होते. सुमारे ६० तासांचे चित्रीकरण आणि १५० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण त्यातून जमा झाले. त्यातून तयार झालेला ‘लेट इट बी’ हा सुमारे ८० मिनिटांचा चित्रपट मे १९७० मध्ये प्रदर्शित झाला. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी बीटल्स विभक्त झाल्याचे वृत्त जगभर पसरले होते. परिणामी, प्रेक्षकांनी तो चित्रपट एका विभक्त होणाऱ्या कुटुंबाची हकिकत म्हणून पाहिला. तीच समजूत पुढील अर्धशतक टिकली.

जॅक्सन यांनी तेच मूळ साहित्य पुन्हा तपासले. त्यातून दिसणारे चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. मतभेद आहेतच, १९७० च्या चित्रपटात न आलेले हॅरिसन यांचे निघून जाणेही येथे सविस्तर येते. परंतु त्याच दिवसांत हे चौघे हसतात, जुनी गाणी आठवतात, एकमेकांच्या अर्धवट ओळी पूर्ण करतात. लेनन यांच्या शेजारी बसणाऱ्या योको ओनो यांच्यामुळे चमू फुटला, असा आरोप अनेक वर्षे होत होता. माहितीपटात त्या बहुतेक वेळ शांतपणे बसलेल्या किंवा वाचन करताना दिसतात. ‘लेट इट बी’ची दुरुस्त केलेली प्रत मे २०२४ मध्ये पुन्हा उपलब्ध झाल्याने दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहणे शक्य झाले आहे.

मूळ साहित्य टिकले नसते, तर हा फेरविचार शक्य झाला नसता. त्या काळातील ध्वनिफितींचा मोठा साठा चोरीस गेला होता. सुमारे ५०० फिती पोलिसांनी २००३ मध्ये हस्तगत केल्या.

आवाज वेगळे करण्याचे तंत्र

१९६९ मधील चित्रीकरणाचा बराचसा आवाज एकाच वाहिनीवर, म्हणजे सर्व ध्वनी एकत्र मिसळलेल्या स्वरूपात होता. त्यातच, खासगी बोलणे मुद्रित होऊ नये म्हणून लेनन आणि हॅरिसन बोलताना गिटार छेडत असत, असे जॅक्सन यांनी सांगितले आहे. त्यांच्या तंत्रज्ञांनी यावर उपाय म्हणून ‘मॅल’ नावाची संगणकप्रणाली विकसित केली. गिटार कशी वाजते, ढोल कसा वाजतो, माणसाचा आवाज कसा असतो, हे संगणकाला असंख्य नमुन्यांवरून शिकविण्यात आले. त्यानंतर मिश्र ध्वनीतून प्रत्येक घटक वेगळा काढता येऊ लागला आणि गिटारीखाली दबलेले संभाषण ऐकू आले. याच पद्धतीने लेनन यांचा जुन्या घरगुती कॅसेटवरील आवाज वेगळा करून नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नाऊ अँड देन’ हे गाणे प्रसिद्ध करण्यात आले.

तंत्राबरोबर नैतिक प्रश्नही येतो. हॅरिसन निघून गेल्यानंतर लेनन आणि मॅकार्टनी यांचे उपाहारगृहातील बोलणे फुलदाणीत लपविलेल्या मायक्रोफोनने मुद्रित करण्यात आले होते. त्या संभाषणात दोघेही हॅरिसन यांच्याशी आपण कसे वागलो, याची मोकळी चर्चा करतात. इतिहासाच्या दृष्टीने हा पुरावा मोलाचा आहे; परंतु तो बोलणाऱ्यांच्या नकळत घेतला गेला, हे विसरून चालणार नाही.

पाहताना काय लक्षात येते?

माहितीपटातील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रसंग अवघ्या काही मिनिटांचा आहे. लेनन अद्याप आलेले नाहीत. मॅकार्टनी बास गिटारवर एकच ठेका पुन्हा पुन्हा छेडत आहेत. शेजारी हॅरिसन जांभई देत आहेत. हळूहळू त्या ठेक्यातून सूर उमटतो, निरर्थक शब्द येतात आणि पाहता पाहता ‘गेट बॅक’ या गाण्याचा आराखडा तयार होतो. थोड्या वेळाने हॅरिसन गिटार उचलतात, रिंगो टाळ्यांनी लय धरतात.

मात्र हा प्रसंग सुटा पाहिल्यास गैरसमज होण्याची शक्यता आहे. त्यानंतर अनेक दिवस या गाण्याचे शब्द बदलत राहतात. ब्रिटनमध्ये तेव्हा आशियाई स्थलांतरितांच्या विरोधात वातावरण तापले होते. केनियातून भारतीय वंशाची कुटुंबे तेथे येत होती आणि एप्रिल १९६८ मध्ये खासदार इनॉक पॉवेल यांनी स्थलांतराविरुद्ध केलेले भाषण गाजले होते. गाण्याच्या आरंभीच्या मसुद्यांत या राजकारणाची खिल्ली उडविलेली होती आणि पाकिस्तानी स्थलांतरितांचा उल्लेखही होता. उपहासाचा अर्थ उलटा घेतला जाण्याचा धोका असलेला हा भाग अंतिम गाण्यात राहिला नाही. पूर्ण झालेले गाणे ऐकून या साऱ्याचा पत्ता लागत नाही.

हॅरिसन यांच्या बाबतीतही हेच आहे. ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ हे त्यांचे गाणे चौघे वारंवार बसवतात, परंतु ते बीटल्सच्या तबकडीत येत नाही. पुढे १९७० मध्ये हॅरिसन यांच्या तीन तबकड्यांच्या संचाला त्याच गाण्याचे नाव मिळाले. त्यांची नाराजी कशातून आली, हे चरित्रग्रंथांतील एखाद्या परिच्छेदापेक्षा या तालमी पाहून अधिक नेमके कळते.

मुंबई आणि ऋषिकेशचा दुवा

या कथेचा एक धागा भारतात आहे. बरोबर एक वर्ष आधी, जानेवारी १९६८ मध्ये, हॅरिसन मुंबईतील एचएमव्हीच्या स्टुडिओत ‘वंडरवॉल’ या चित्रपटाच्या संगीताचे ध्वनिमुद्रण करीत होते. पं. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, आशिष खाँ यांचे सरोद आणि एस. आर. केंकरे यांची बासरी त्यात आहे. त्याच सत्रांत ‘द इनर लाइट’ या बीटल्सच्या गाण्याचे वाद्यसंगीत मुद्रित झाले. स्टुडिओ पुरेसा ध्वनिरोधक नसल्याने रस्त्यावरील मोटारींचा आवाज मुद्रणात आल्याची आठवण हॅरिसन यांनी पुढे सांगितली होती.

त्यानंतर फेब्रुवारीत बीटल्स महर्षी महेश योगी यांच्या ऋषिकेश येथील आश्रमात आले. ऋषिकेश तेव्हा उत्तर प्रदेशात होते. २००० पासून ते उत्तराखंडात आहे. माहितीपटात चौघे या वास्तव्याची चर्चा करतात आणि आश्रमातील चित्रणही दाखविले जाते. लंडनमधील तालमी चित्रित झाल्याने अर्धशतकानंतरही पाहता आल्या. मुंबईतील त्या दिवसांची ओळख मात्र प्रामुख्याने तयार संगीत, छायाचित्रे आणि सहभागी कलाकारांच्या आठवणींतूनच होते.

लखनौमध्ये काय जपले गेले?

जपणुकीचा हा प्रश्न हिंदुस्थानी संगीताला नवा नाही. पं. भातखंडे यांचा जन्म १८६० मध्ये मुंबईत झाला. वकिली सोडून त्यांनी देशभर प्रवास केला. घराण्यांच्या बंदिशी तेव्हा कुटुंबाबाहेर सहसा दिल्या जात नसत. गायक गेला की त्या त्याच्याबरोबर जात. भातखंडे यांनी उस्तादांकडून त्या मिळविल्या, स्वरलिपीत उतरविल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या. १९२४ आणि १९२५ मध्ये लखनौ येथे अखिल भारतीय संगीत परिषदा झाल्या. त्यानंतर १९२६ मध्ये तेथे मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले. आज ते भातखंडे संस्कृती विश्वविद्यालय म्हणून ओळखले जाते.

स्वरलिपीमुळे बंदिश वाचली. परंतु ती गाताना राग कसा उलगडावयाचा, कोठे थांबावयाचे, कोणती जागा टाळावयाची, हे कागदावर पूर्णपणे उतरत नाही. त्यासाठी गुरूसमोर बसणे भाग असते. भातखंडे यांचे शिष्य आणि या महाविद्यालयाचे दीर्घकाळ प्राचार्य राहिलेले पं. श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी ही दुसरी बाजू सांभाळली. बेळगाव परिसरातील बैलहोंगल येथे जन्मलेले के. जी. गिंडे हे १९३६ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी लखनौला गेले आणि रातंजनकरांच्या घरी राहून शिकले. सकाळपासून रात्रीपर्यंत कानावर पडणारे, चुकत आणि सुधारत जाणारे संगीत, हाच त्या शिक्षणाचा गाभा होता.

याच महाविद्यालयातून तलत महमूद आणि संगीतकार रोशन मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेले. त्यांची गाणी आजही ऐकली जातात. ती बसवताना झालेल्या चर्चा आणि बाद झालेल्या चाली बहुतांशी त्या दालनांतच राहिल्या. रातंजनकरांनी रचलेल्या शेकडो बंदिशी ‘अभिनव गीतमंजरी’त छापील स्वरूपात मिळतात. एखादी बंदिश आकार घेत असताना शिष्यांनी काय पाहिले, हे मात्र पुस्तक सांगत नाही.

‘गेट बॅक’चे वेगळेपण येथे आहे. गुरूच्या खोलीत बसल्यावर जे मिळते, त्यातील काही भाग हा माहितीपट प्रेक्षकाला देतो. संपूर्ण नव्हे, कारण प्रेक्षकाची चूक दुरुस्त करणारे तेथे कोणी नाही. परंतु चांगले संगीत संथ, कंटाळवाण्या आणि अनेकदा निष्फळ ठरणाऱ्या मेहनतीतून येते, हे तो प्रत्यक्ष दाखवितो.

कसा पाहावा?

संपूर्ण माहितीपट एका बैठकीत पाहण्याची आवश्यकता नाही. ट्विकनहॅममधील कोंडी, सॅव्हिल रो येथील नवी सुरुवात आणि गच्चीवरील वादन, असे तीन भागांचे स्थूल स्वरूप आहे. बीटल्सच्या संगीताशी परिचय नसलेल्यांनी आधी ‘गेट बॅक’ आणि ‘लेट इट बी’ ही दोन गाणी ऐकून घ्यावीत. गाणे कोठे पोहोचणार आहे हे ठाऊक असले, की वाटेतील वळणे अधिक लक्षात येतात.

माहितीपटाला २०२२ मध्ये पाच एमी पुरस्कार मिळाले. तथापि, त्याचा उपयोग केवळ बीटल्सच्या चाहत्यांपुरता नाही. महाराष्ट्रात आणि अन्यत्र अनेक संगीतप्रेमी कुटुंबांकडे, संगीत मंडळांकडे आणि शिष्यांकडे तालमींच्या, शिकवणीच्या जुन्या स्पूल फिती आणि कॅसेट आहेत. मैफलीचे मुद्रण जपले जाते. शिकवणीची फीत आवाज अस्पष्ट आहे किंवा गाणे अर्धवट आहे म्हणून बाजूला टाकली जाते. १९६९ मधील अस्पष्ट, मिसळलेला आवाज पन्नास वर्षांनंतर सुटा करता आला, तो फिती शिल्लक होत्या म्हणून. चुंबकीय फिती दमट हवेत खराब होतात आणि त्या वाजविणारी यंत्रेही दुर्मीळ होत आहेत. त्यामुळे अशा फितींच्या संगणकीय प्रती वेळेत करून घेणे, त्यावर गायक, शिष्य, स्थळ आणि दिनांक यांची नोंद ठेवणे आणि मूळ फीत नष्ट न करणे, एवढी काळजी कोणालाही घेता येण्याजोगी आहे.