लाल विंचू आणि रक्तवाहिनीचा स्नायू

लाल विंचवाच्या दंशाने माणूस दगावतो, तो रक्तवाहिन्या आवळल्यामुळे आणि त्या दाबाखाली हृदय थकल्यामुळे. परभणी-परळी लोहमार्गावरच्या पोखर्णी नृसिंहाचे शिवार असो की मराठवाड्यातले दुसरे कुठलेही, कडब्याची गंजी उपसताना, गोवऱ्या काढताना, बांधावरचा दगड हलवताना विंचवाची भीती असतेच. काळा विंचू मोठा आणि दिसायला भयंकर, पण त्याचा दंश बहुधा ठणक्यावर भागतो. लाल विंचू लहानखुरा. जिवावर बेततो तो हाच, आणि जास्त करून लहान मुलांच्या.

हे समजायला रक्तवाहिनीच्या भिंतीत डोकवावे लागते. तिथे अनैच्छिक स्नायूंच्या पेशींचे थर असतात. हे स्नायू आकसले की नळी अरुंद होते आणि रक्तदाब चढतो. सैलावले की उतरतो. आकसायचे की सैलावायचे, हे ठरते पेशीतल्या कॅल्शियमवर. पेशीपटलावर प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात, त्यांना आयन चॅनेल म्हणतात. कॅल्शियमचे दार उघडले की कॅल्शियम आत येते आणि स्नायू आकसतो. पोटॅशियमचे दार उघडले की पोटॅशियम बाहेर जाते, पेशीच्या आतला विद्युतभार आणखी ऋण होतो, त्यामुळे कॅल्शियमची दारे मिटतात आणि स्नायू सैल पडतो.

विंचवाच्या विषातली मुख्य द्रव्ये मात्र मज्जातंतूंच्या सोडियम चॅनेलवर बसतात. हे चॅनेल एरवी क्षणार्धात मिटते. विष ते मिटूच देत नाही. मज्जातंतू पेटल्यासारखे संदेश सोडत राहतात आणि शरीरात ॲड्रेनलिन, नॉरॲड्रेनलिनचा पूर येतो. नॉरॲड्रेनलिन रक्तवाहिनीच्या स्नायूवरील अल्फा ग्राहींना चिकटते, पेशीतले कॅल्शियम वाढते, नळ्या आवळतात. हातपाय गार पडतात, रक्तदाब भडकतो आणि पुढे फुप्फुसात पाणी भरते.

या साखळीची रुग्णात दिसणारी बाजू खाटेशेजारी राहून उलगडली डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी. जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातले देहेड हे त्यांचे गाव. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते 1976 मध्ये महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात विंचूदंशाचे रुग्ण वरचेवर येत आणि मांत्रिकाकडे ‘विंचू उतरवण्यात’ मोलाचा वेळ गेलेला असे. बावस्करांनी रात्र रात्र रुग्णाशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांची ऊब यांच्या नोंदी ठेवल्या. त्यातून एक विलक्षण गोष्ट दिसली. उलटी, दरदरून घाम, पुरुषांमध्ये लिंगाची ताठरता आणि गार पडलेले हातपाय ही हृदयावर घाला येणार असल्याची आगाऊ सूचना असते. हे निरीक्षण 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. त्यासाठी ना प्रयोगशाळा लागली, ना महागडे यंत्र. हाताने तळपाय चाचपून पाहण्याला शास्त्रीय नोंदीची शिस्त लागली.

नळ्या आवळल्यामुळे रुग्ण जातो, तर आवळणारा हातच सोडवावा, हा त्यापुढचा विचार. प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध नेमके अल्फा ग्राही अडवते. बावस्करांनी त्याची साधी, स्वस्त गोळी वापरली, आणि पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्करांसह लिहिलेला निबंध 1986 मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मध्ये आला. पूर्वी गंभीर दंशात शंभरातले तीस-चाळीस रुग्ण दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले.

याच विंचवाने प्रयोगशाळेतल्या संशोधकांनाही एक हत्यार दिले. एकेका चॅनेलमधला प्रवाह मोजण्याची ‘पॅच क्लॅम्प’ पद्धत नेहर आणि साकमान यांनी 1976 मध्येच दाखवली. बावस्कर बिरवाडीत रुजू झाले तेच हे साल. 1991 चे नोबेल नेहर आणि साकमान यांना मिळाले. पण पेशीपटलावर चॅनेल नाना तऱ्हेचे. त्यातले नेमके एकच बंद करून पाहायचे, तर तसे द्रव्य हवे. अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या संशोधकांनी 1990 मध्ये भारतातल्या लाल विंचवाच्या विषातून 37 अमिनो आम्लांचे एक छोटे प्रथिन वेगळे काढले: आयबेरिओटॉक्सिन. कॅल्शियमने उघडणाऱ्या मोठ्या पोटॅशियम चॅनेलचे तोंड ते बाहेरून बुजवते, बाकीच्यांना सहसा धक्का लावत नाही. रक्तवाहिनीच्या स्नायूत हेच चॅनेल सैलावण्याचे काम करते. 1995 मध्ये मार्क नेल्सन यांच्या गटाने ‘सायन्स’मध्ये दाखवले, की पेशीत क्षणभर उसळणाऱ्या कॅल्शियमच्या ठिणग्या हे चॅनेल उघडतात आणि धमनी सैल होते. म्हणजे सगळ्या पेशीत पसरलेले कॅल्शियम स्नायू आवळते, पण पटलालगतची त्याची ठिणगी तोच स्नायू सोडवते. अशा प्रयोगांत आयबेरिओटॉक्सिन आज जगभर वापरले जाते. रुग्णाच्या नळ्या आवळण्याचे मुख्य कारण मात्र सोडियम चॅनेलवरचे विष हेच. दोहोंची गल्लत करू नये.

प्राझोसिन विष निकामी करत नाही, फक्त त्याचा परिणाम थोपवते. विषावर उतारा म्हणजे प्रतिविष. ते आणि प्राझोसिन एकत्र दिले तर काय होते, हे बावस्कर दांपत्याने 70 रुग्णांवर तपासले. निष्कर्ष 2011 मध्ये ‘बीएमजे’त आले. दोन्ही उपचार मिळालेल्या 35 पैकी 32 रुग्ण दहा तासांत बरे झाले, केवळ प्राझोसिन मिळालेल्या 35 पैकी 8. ज्या केंद्रात प्रतिविष पोचलेले नाही, तिथे गोळीच हाताशी असते. ती दिल्यावर रुग्णाला आडवेच ठेवतात, कारण पहिल्या मात्रेनंतर उठून उभे राहिले तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो. हातपाय कोरडे आणि ऊबदार होईपर्यंत दर तीन तासांनी मात्रा पुन्हा देतात.