पाण्याच्या वाटेत लोखंडाची भिंत

क्रोमियम आपल्याला मुख्यतः दोन रूपांत भेटतं. संयुजा सहा असलेलं क्रोमियम पाण्यात सहज विरघळतं, भूजलाबरोबर वाहतं आणि ते कर्करोगकारक आहे. संयुजा तीन असलेलं मात्र बहुधा मातीला धरून बसतं. मग उपाय काय? सहाचं तीन करायचं!

नॉर्थ कॅरोलायनातल्या एलिझाबेथ सिटीला तटरक्षक दलाच्या तळावर क्रोमचा मुलामा देण्याचं वर्कशॉप होतं. तिथलं क्रोमियम जमिनीत झिरपलं, आणि पास्कोटँक नदी जेमतेम ६० मीटरवर. उपसून शुद्ध करायचं, तर पंप वर्षानुवर्षं चालवावे लागतात. म्हणून १९९६ मध्ये भूजलाच्या वाटेत आडवा चर खणून त्यात लोहकीस भरला. लांबी ४६ मीटर, खोली ७.३ मीटर, रुंदी फक्त ०.६ मीटर. पाणी आपल्याच ओघानं त्यातून जातं. लोखंड गंजतं म्हणजे इलेक्ट्रॉन देतं. ते घेऊन क्रोमियम तीनवर येतं आणि हायड्रॉक्साइडच्या साक्यात अडकतं. एरवी ज्या गंजाला आपण नावं ठेवतो, तोच इथे कामाला लावलाय!

तुम्ही विचाराल, मग क्रोमियम गेलं कुठे? कुठेच नाही. मूलद्रव्य नष्ट होत नसतं, ते तिथेच आहे. शिवाय कण साक्यानं माखले की लोखंडाचा जोर ओसरतो. म्हणून भिंतीपलीकडच्या विहिरींतलं पाणी तपासत राहावंच लागतं.