स्विंगचे सॅक्सोफोनवाले : ताजच्या नाचघरापासून वसईच्या वरातीपर्यंत

१९३५ साली लिऑन ॲबी हा अमेरिकेतला कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. तिथून पुढची पंचवीसेक वर्षं मुंबईच्या स्विंगची, म्हणजे नाचाच्या ठेक्यातल्या जॅझची. ॲबीमागून क्रिकेट स्मिथ आले, टेडी वेदरफोर्ड आले. त्यांचं वादन ऐकत, त्यांच्याबरोबर वाजवत गोव्याच्या वादकांनी ही शैली आपलीशी केली. तयारी आधीच झालेली होती. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलेखन गिरवलेलं असल्याने कागद समोर आला की हात चालत.

स्विंगचा जीव सॅक्सोफोनच्या ताफ्यात असतो. चार-पाच सॅक्सोफोन वेगवेगळे स्वर धरून एका श्वासात बोलतात, आणि मग त्यातला एकजण पुढे येऊन मनातलं सांगतो. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला कोलमन हॉकिन्सने ‘बॉडी अँड सोल’ ध्वनिमुद्रित करून या एकट्या आवाजाची उंची दाखवली. त्याच वर्षी ताजमध्ये मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद रुजू झाला. मोंबासात जन्मलेले कोरिया सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट वाजवत. वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी ते नाचघर सांभाळलं. रूडी कॉटन या नावाने गाजलेले पारशी सॅक्सोफोनवादक कावसजी खटाऊही याच काळातले.

पण तेव्हाच्या ७८ गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. रात्रभर चालणारा नाच त्यात कुठून बसणार? १९४८ मध्ये अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली आणि तिथल्या जुन्या वादकांना दुसरी संधी मिळाली. १९६१ च्या नोव्हेंबरात चोपन्न वर्षांच्या सॅक्सोफोनवादक बेनी कार्टरने ‘फर्दर डेफिनिशन्स’ हा अल्बम केला. चार सॅक्सोफोन, त्यात हॉकिन्सही. १९३७ मध्ये दोघांनी पॅरिसला वाजवलेल्या दोन रचना त्यात पुन्हा घेतल्या. तरुण फिल वूड्स आणि चार्ली राऊझ सोबतीला असल्याने दोन पिढ्या एका ताफ्यात आल्या. प्रौढ वादकाने आपल्याच तारुण्याकडे वळून पाहावं आणि तरी काही नवं सांगावं, हे या अल्बमला साधलं.

मुंबईच्या वादकांचा रस्ता स्टुडिओकडे वळला. दारूबंदीने हॉटेलांतल्या रात्री आटल्या, आणि वादक सिनेमात शिरले. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेट यांचा ट्रम्पेट होता, सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन आणि ओ. पी. नय्यर यांची वाद्यरचना लिहीत. १९५८ मध्ये कोलकात्याहून आलेल्या मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन ‘काश्मीर की कली’तल्या ‘है दुनिया उसी की’मध्ये ऐकावा. गायकाच्या बरोबरीने तोही गातो. तबकडीवर मात्र वादकाचं नाव नसे. १९७० मध्ये सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांच्या नावाने ‘रागा रॉक’ निघाला, तोवर स्विंगचा काळ सरला होता.

वसईकरांनी या इतिहासाकडे आपला म्हणून पाहावं असं मला वाटतं. आपल्या लग्नाच्या वरातीतले बँड मुंबईच्या नाचघरांतून आलेले नाहीत, पण सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट तेच, आणि वर्षानुवर्षं वाजलेली सिनेमाची गाणी त्याच स्टुडिओंतली. ताजमध्ये न जाताही स्विंगचा सॅक्सोफोन असा गावागावांत पोहोचला. आता वरातीत डीजेचा आवाज चढला आहे आणि जुने बँडवाले थकत चालले आहेत. मुंबईच्या स्विंगच्या रात्री विरून गेल्या, कारण त्या टिपून ठेवणारं साधन नव्हतं. आज ते प्रत्येकाच्या खिशात आहे. निर्मळ, आगाशी, सांडोरच्या ज्येष्ठ वादकांचं वादन त्यांच्या नावानिशी ध्वनिमुद्रित व्हायला हवं, त्यांच्या वह्यांतलं स्वरलेखन जपायला हवं. हे काम पॅरिशच्या मंडळांना आणि शाळांना सहज जमण्यासारखं आहे, आणि ते या हंगामातच सुरू व्हावं.